जादा पाच पैसे

१५ नोव्हेंबर १९७१, सोमवार. त्या दिवसापासून पोस्टात पाकीट टाकायचं तर नेहमीच्या वीस पैशांच्या तिकिटाशेजारी आणखी एक पाच पैशांचं तिकीट लावणं सक्तीचं झालं. आंतरदेशीय पत्र पंधरा पैशांना मिळायचं, त्यालाही वर पाच पैसे. पोस्टकार्ड आणि टपालानं जाणारी वर्तमानपत्रं तेवढी या नियमातून सुटली. हे जादा पाच पैसे टपालखात्याच्या खर्चासाठी नव्हते. पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत धरून भारतात आलेल्या निर्वासितांसाठी होते.

मिरजेसारख्या गावात या नियमाचा अर्थ काय होता, हे समजून घ्यायला थोडा हिशोब करावा लागतो. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल उभारलं, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. कोकणातून, कर्नाटकातून पेशंट यायचे, आठ-पंधरा दिवस राहायचे आणि घरी खुशाली कळवायचे. ‘ऑपरेशन नीट झाले, काळजी नसावी’ एवढं लिहायला दहा पैशांचं पोस्टकार्ड पुरायचं. त्या माणसाला नव्या नियमाची झळ लागली नाही. पण शेजारच्या सांगलीतल्या हळदीच्या पेढीचं पाहा. भावाची पत्रं उघड्या कार्डावर कोण पाठवणार? रोज वीस पाकिटं रवाना करणाऱ्या पेढीला रोजचा एक रुपया जादा पडू लागला. पाकिटामागे पंचवीस टक्के, आंतरदेशीय पत्रामागे तेहतीस टक्के वाढ, आणि कार्डामागे शून्य. गरिबाच्या टपालाला हात न लावता पैसा उभा करायचा, ही या आखणीतली गोम होती.

एक कोटी माणसं

२५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्करानं ढाक्यात कत्तल सुरू केली आणि पुढच्या आठ महिन्यांत जवळपास एक कोटी माणसं सीमा ओलांडून पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मेघालय आणि आसामात आली. त्रिपुरासारख्या चिमुकल्या राज्यात तर मूळच्या लोकसंख्येच्या तोडीस तोड निर्वासित होते. छावण्यांमध्ये पटकीची साथ आली. रोजचं धान्य, औषधं, ताडपत्र्या, पाणी या सगळ्याचा बोजा दिल्लीच्या तिजोरीवर होता. परदेशातून मदत येत होती, पण खर्चाच्या मानानं ती अपुरी पडत होती.

ऑक्टोबर १९७१मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढले. टपालावर, रेल्वेच्या भाड्यावर, देशांतर्गत विमानप्रवासावर आणि वर्तमानपत्रांवर जादा कर बसला. पुढे संसदेत त्यांचे कायदे झाले. टपालापुरता कायदा होता ‘टॅक्स ऑन पोस्टल आर्टिकल्स अ‍ॅक्ट, १९७१’. कायद्याच्या नावात ‘टॅक्स’ हा शब्द आहे, ‘फंड’ किंवा ‘मदत’ नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. प्रकरणाचा पुढचा सगळा विषय या फरकाभोवती फिरणार आहे.

कर जाहीर झाला खरा, पण तो गोळा करायला तिकीट कुठं होतं? नवं तिकीट काढायचं म्हणजे चित्र, मंजुरी, प्लेट, छपाई, मग देशभरातल्या हजारो पोस्टांत वाटप. तेवढा वेळ कुणाकडे नव्हता. मग खात्यानं साठ्यातलंच एक तिकीट उचललं: पाच पैशांचं, लालसर गुलाबी रंगाचं, कुटुंब नियोजनाचं. त्यावर ‘रिफ्युजी रिलीफ’ आणि ‘शरणार्थी सहायता’ अशी अक्षरं छापून ते चालवायचं ठरलं.

नाशिक रोडची छपाई आणि पोस्टातला रबरी शिक्का

भारताची टपाल तिकिटं १९२५पर्यंत लंडनला छापली जात. त्या साली नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि तेव्हापासून हे काम महाराष्ट्रात होऊ लागलं. १९७१चं हे दुहेरी लिपीतलं ओव्हरप्रिंटही नाशिक रोडचंच. अक्षरं काळी, ठसठशीत, ओळीत बसलेली. शंभर तिकिटं शेजारी ठेवली तरी अक्षर तसूभर हलत नाही.

पण नाशिकची छापील तिकिटं सगळीकडे वेळेवर पोचली नाहीत. मग स्थानिक पोस्टांना मुभा मिळाली: साधं पाच पैशांचं कुटुंब नियोजनाचं तिकीट घ्या आणि तुमच्याकडे जो काही शिक्का असेल तो मारा. जयपूर आणि बंगळूर इथं छापखान्यात ओव्हरप्रिंट करून घेतलं गेलं. बाकी ठिकाणी रबराचे, धातूचे, क्वचित लाकडाचेही शिक्के निघाले. कुठं फक्त इंग्रजी, कुठं फक्त देवनागरी, कुठं दोन्ही. काही पोस्टांत तर हातानं शाईनं लिहिलेली अक्षरंही सापडतात. संग्राहकांना भुरळ पडते ती नेमकी या गोंधळाची. एका देशाच्या एका तिकिटाचे इतके चेहरे सहसा पाहायला मिळत नाहीत.

असं एखादं रबरी शिक्क्याचं तिकीट भिंगाखाली धरून पाहावं. शाई जांभळी असेल तर ती कागदाच्या तंतूंत पसरलेली दिसते. अक्षराच्या कडा फुटलेल्या असतात. शिक्का तिरका बसलेला असतो, एखादं अक्षर दातेरी कडेच्या बाहेर जाऊन शेजारच्या तिकिटावर उतरलेलं असतं. कारण पोस्टातला माणूस सुटं सुटं तिकीट घेऊन बसत नाही, तो अख्ख्या पानावर धडाधड शिक्के मारत जातो. नाशिकच्या ओव्हरप्रिंटमध्ये यंत्राची शिस्त दिसते, रबरी शिक्क्यात मनगटाचा वेग. शिवाय त्यावर पुन्हा गावाचा तारखेचा काळा शिक्का पडतो. म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या कागदावर तीन छपाया: मूळ चित्र, मदतीची अक्षरं, रद्द केल्याचा शिक्का.

आणि खालचं मूळ चित्र कशाचं, तर छोट्या, नीट आखलेल्या कुटुंबाचं. त्याच्या डोक्यावर घरदार सुटलेल्या माणसांच्या मदतीची अक्षरं. हा विरोधाभास कुणी मुद्दाम घडवला नव्हता. पाच पैशांचं दुसरं सोयीचं तिकीट साठ्यात नव्हतं, एवढंच त्याचं कारण. पण टपाल तिकिटांच्या इतिहासात ठरवून काढलेल्या चित्रांपेक्षा अडचणीत सापडलेल्या चित्रांनीच अनेकदा जास्त सांगितलं आहे.

१ डिसेंबरला निर्वासितांचं चित्र असलेलं खास तिकीट आलं. तेही पाच पैशांचंच. दोन दिवसांनी, ३ डिसेंबरला, पाकिस्ताननं भारताच्या विमानतळांवर हल्ले केले; १६ तारखेला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. खास तिकीट देशातल्या लहान गावांपर्यंत नीट पोचायच्या आत ज्या युद्धातून निर्वासितांचा प्रश्न सुटणार होता ते युद्ध संपलंसुद्धा.

दानाचं तिकीट, कराचं तिकीट

संकटासाठी पैसा उभा करणाऱ्या तिकिटांचे ढोबळमानानं तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार मिरजकरांच्या ओळखीचा: टीबी सील. क्षयरोगाच्या कामासाठी दरवर्षी गांधी जयंतीपासून विकली जाणारी ही रंगीत चिकटपट्टी. सांगली-मिरजेच्या मधे वॉनलेसवाडीला क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम असल्यामुळे इथल्या शाळांतून ती विकली जाताना तिचं कारण मुलांना समजावून सांगावं लागत नसे. पण सील म्हणजे तिकीट नव्हे. तिच्यावर पत्र जात नाही. ही कल्पना १९०४ साली डेन्मार्कमधल्या आयनार होलबोल या पोस्टातल्या नोकराची. नाताळात येणाऱ्या पत्रांचे ढीग पाहून त्याला वाटलं, प्रत्येकावर एक जादा पैशाची चिकटपट्टी लागली तर आजारी मुलांसाठी केवढा निधी जमेल.

दुसरा प्रकार अधिमूल्याच्या तिकिटांचा. तिकिटावर दोन आकडे असतात; पहिला टपालाचा, दुसरा दानाचा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्सनं १८९७ साली क्षयरोग्यांच्या आश्रमासाठी अशी तिकिटं काढली. एक पेनीचं तिकीट एका शिलिंगाला, म्हणजे बारापट किमतीला. निर्वासितांसाठी हा मार्ग नॉर्वेनं १९३५ साली वापरला. ध्रुवप्रदेशाचा प्रवासी आणि पुढे निर्वासितांचा कैवारी झालेला फ्रिट्‌योफ नान्सेन याचं चित्र असलेली ती तिकिटं होती. फ्रान्सनं १९३६ साली राजकीय निर्वासितांसाठी काढलेल्या तिकिटावर अमेरिकेतला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा होता. पंचाहत्तर सेंटिम टपालाचे, पन्नास मदतीचे. ज्याला वाटेल त्यानं घ्यावं, ज्याला नको त्यानं साधं तिकीट लावावं.

तिसरा प्रकार सक्तीचा. तिकीट लावलं नाही तर पत्र पुढं जात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा पश्चिम जर्मनीत १ डिसेंबर १९४८पासून प्रत्येक पत्रावर दोन फेनिगचं एक इवलंसं निळं तिकीट सक्तीचं झालं. ते १९५६पर्यंत चाललं. निळं तिकीट नसलेलं पत्र पाठवणाऱ्याकडे परत यायचं. भारताचं १९७१चं तिकीट याच घराण्यातलं.

याशिवाय एक चौथी जात आहे: पैसा मागत नाही, फक्त आठवण करून देते. संयुक्त राष्ट्रांनी १९५९-६० हे जागतिक निर्वासित वर्ष म्हणून पाळलं. ७ एप्रिल १९६० रोजी सत्तरच्या आसपास देशांनी एकाच दिवशी त्या निमित्तानं तिकिटं काढली. त्यांतल्या बऱ्याच तिकिटांवर मुळासकट उपटलेल्या झाडाचं बोधचिन्ह होतं. चित्रांच्या दृष्टीनं ती देखणी आहेत आणि संग्राहकांच्या अल्बममध्ये ती खूप सापडतात. रोजच्या पाकिटांवर मात्र त्या मानानं कमी.

मिरजेवरून गेलेली गाडी

निर्वासित म्हणजे दूर कुठं तरी बंगालच्या सीमेवरची गोष्ट, असं मिरजेत १९७१ साली कुणी म्हणालं असतं तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला दुरुस्त केलं असतं. कोल्हापूर हे रेल्वेचं शेवटचं टोक. १८९१ साली सुरू झालेल्या त्या फाट्यावर जायचं तर मिरज जंक्शन ओलांडल्याशिवाय गाडीला गत्यंतर नाही. १९४३ सालापासून याच रुळांवरून गाड्या भरून पोलिश बाया-मुलं आणि म्हातारी माणसं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला गेली. सोव्हिएत रशियानं १९४०-४१मध्ये पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलेले हे लोक. १९४१च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटले, इराणमार्गे कराचीला आले आणि तिथून इथं. वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार माणसं होती. शाळा, चर्च, नाटकं, बालवीरांची पथकं असं एक अख्खं पोलिश गाव पंचगंगेच्या खोऱ्यात पाच वर्षं नांदलं.

त्यांतल्या कितीतरी बायकांचे नवरे आणि मुलगे जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यात होते, आधी मध्यपूर्वेत आणि मग इटलीत. घर उरलं नव्हतं. पत्ता उरला होता तो पलटणीचा. त्यामुळे टपाल हीच त्या छावणीची खरी कमाई. पत्रांवर तिकिटं सहाव्या जॉर्जच्या चेहऱ्याची, हिंदुस्थान सरकारची.

तिकडे लंडनमध्ये मात्र निर्वासित झालेल्या पोलिश सरकारनं डिसेंबर १९४१पासून स्वतःची टपाल तिकिटं काढली होती. ती चालायची पोलिश जहाजांवर आणि ब्रिटनमधल्या पोलिश लष्करी छावण्यांत. फेब्रुवारी १९४५मध्ये त्या सरकारनं वॉर्सॉच्या उठावातून वाचलेल्यांसाठी एक तिकीट काढलं: एक झ्लॉटी टपालाची, दोन झ्लॉटी मदतीच्या. दुपटीनं दान मागणारं तिकीट, आणि ते मागणारेही स्वतः परागंदा. देश हातातून गेला की सरकारं जी मोजकी कामं करू शकतात त्यांतलं एक म्हणजे तिकीट छापणं.

बांगलादेशनंही तेच केलं. २९ जुलै १९७१ रोजी, देश अजून नकाशावर यायचा होता तेव्हा, त्याच्या मुजीबनगरच्या हंगामी सरकारनं आठ तिकिटं प्रसिद्ध केली. चित्रं लंडनमधल्या बिमान मल्लिक या बंगाली कलावंताची. १९६९ साली ब्रिटननं गांधींवर काढलेलं तिकीटही त्यांनीच केलं होतं. म्हणजे त्या वर्षी एकाच लढ्याची दोन टोकं टपालात दिसत होती: एका टोकाला ‘आम्ही राष्ट्र आहोत’ असं सांगणारी आठ रंगीत तिकिटं, दुसऱ्या टोकाला त्या राष्ट्राच्या माणसांना भात मिळावा म्हणून शिक्का मारलेलं पाच पैशांचं तिकीट.

पोलिश मंडळी १९४८पर्यंत निघून गेली. त्यांच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि छावणीचं गांधीनगर झालं. आज तिथल्या कापडबाजारात घाऊक खरेदीला मिरज-सांगलीचे दुकानदार जातात. एका पिढीत एकाच जागेवर दोन देशोधडीला लागलेले समाज पाहिलेला हा मुलूख आहे.

मैफल आणि पोस्ट

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली. तिकीटविक्रीतून अडीच लाख डॉलरच्या घरात रक्कम जमली आणि ती युनिसेफला गेली. सतारी घडवणाऱ्या मिरजेला या मैफलीचं अप्रूप वाटणं साहजिक आहे. पण मदतीची रीत म्हणून ती दानाच्या तिकिटासारखी होती. ज्यांना कळवळा आला ते आले, ज्यांना संगीत हवं होतं तेही आले, आणि जगभर बांगलादेश हे नाव पोचलं.

पाच पैशांचं तिकीट असलं काही करत नाही. त्याला तुमच्या भावनेशी देणंघेणं नाही. निर्वासितांची कणव असणारा आणि ‘ह्यांना आपण का पोसायचं?’ म्हणणारा, दोघांनाही खिडकीवर तेवढेच पाच पैसे मोजावे लागतात. दानात देणाऱ्याचं मोठेपण असतं आणि घेणाऱ्याच्या मानेवर उपकाराचं ओझं. करात दोन्ही नाही. मिरजेतल्या सतारमेकर गल्लीतून मुंबईच्या वाद्यांच्या दुकानाला बिल पाठवणाऱ्या कारागिराला, आपण आज बंगालच्या सीमेवरच्या बोनगावच्या छावणीतल्या कुणाला तरी मदत केली, असं वाटण्याचं कारण नव्हतं. त्यानं टपालखर्च भरला. पण असा खर्च देशभर रोज भरला जात होता, आणि तो कुणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. छावणीतल्या माणसाला रोज जेवण लागतं, मैफल रोज होत नाही.

दुष्काळातलं तिकीट

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७२च्या सुरुवातीच्या महिन्यांतच बहुतेक सगळे निर्वासित स्वतंत्र बांगलादेशात परतले. कर मात्र ३१ मार्च १९७३पर्यंत सुरू राहिला. झालेला खर्च भरून काढायचा होता, हे खरं. पण ते एक वर्ष महाराष्ट्रासाठी साधं नव्हतं.

१९७२चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून आहेत. जत, आटपाडी, कवठे महांकाळ, खानापूर या सांगली जिल्ह्याच्या पूर्वेच्या पट्ट्यात विहिरी कोरड्या पडल्या, जनावरं बाजारात मातीमोल गेली, आणि खातेदार शेतकरी दुष्काळी कामावर खडी फोडायला बसले. रोजगारासोबत सुकडी वाटली जायची. गाव सोडून मुंबईच्या गिरणीत किंवा बांधकामावर गेलेला मुलगा घरी पत्र लिहायचा. कार्ड लिहिलं तर दहा पैसे. पण घरातल्या अडचणी कार्डावर, पोस्टमन वाचेल अशा, कोण लिहितो? मग आंतरदेशीय, आणि त्यावर निर्वासितांचे पाच पैसे. स्वतःच्या गावातून दुष्काळानं उठलेला माणूस, आपापल्या घरी परतलेल्या निर्वासितांसाठी कर भरत होता.

यात कुणाची दुष्ट बुद्धी शोधायचं कारण नाही. कराचा स्वभावच तसा. दान देणारा थकला की दान थांबतं. कर आपणहून थांबत नाही, त्याला कुणीतरी थांबवावं लागतं. सक्तीमुळे जी शाश्वती मिळते तिची किंमत ही आहे. जर्मनीचं निळं तिकीटही नाकेबंदी उठल्यावर जवळपास सात वर्षं चाललंच होतं.

पाकीट फाडू नका

या तिकिटाला बाजारात फार मोल नाही. नाशिकच्या छपाईची तिकिटं अमाप निघाली, ती आजही चिल्लर किमतीत मिळतात. स्थानिक शिक्क्यांना भाव आहे, पण तिथं बनावट मालही भरपूर आहे. त्या काळचं साधं तिकीट आणि नवा रबरी शिक्का एवढ्यावर ‘दुर्मीळ’ नमुना तयार होतो. सुट्या तिकिटावरचा स्थानिक शिक्का खरा की खोटा हे ठरवणं म्हणूनच अवघड जातं.

खात्री देतात ती अख्खी पाकिटं. नोव्हेंबर-डिसेंबर १९७१ची तारीख, गावाचा शिक्का तिकिटावरून पाकिटाच्या कागदावर सलग उतरलेला, शेजारी वीस पैशांचं तिकीट, आत त्याच काळचं पत्र. एवढं जुळलं की ते कुणी सहजासहजी बनवू शकत नाही. मिरज-सांगलीच्या जुन्या पेढ्यांत, वकिलांच्या दप्तरात, लग्न ठरवण्याच्या पत्रव्यवहारात अशी पाकिटं पडून असतात. मुलांच्या अल्बमसाठी म्हणून तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचा मोह होतो. तो आवरावा. तिकीट सुटलं की उरतो पाच पैशांचा रंगीत कागद. पाकिटासकट ठेवलं तर कोणत्या गावानं, कोणत्या तारखेला, किती घाईत आणि कशाच्या शेजारी हा कर भरला, हे सगळं टिकतं.

निर्वासितांच्या मदतीचा इतिहास बहुधा मोठ्या देणग्यांचा आणि मोठ्या नावांचा लिहिला जातो. एक कोटी माणसांच्या खर्चातला एक वाटा ज्यांनी न विचारता, थोड्या कुरबुरीनं आणि टपालखर्च समजून भरला, त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत. त्यांची नोंद आहे ती त्यांनीच लिहिलेल्या पत्त्यांच्या वरच्या कोपऱ्यात.